बांध, वही आणि उत्तरदायित्व

(पंचायत सदस्य, पंचायत सचिव व शिक्षक यांच्या शिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)

गोव्याच्या खाजन शेतीत पाणी हे शत्रूही आहे आणि चाकरही आहे. मांडवी, जुवारी आणि त्यांना मिळणाऱ्या लहानमोठ्या नद्या समुद्राच्या भरतीबरोबर दिवसातून दोनदा फुगतात आणि खारे पाणी पुष्कळ आतपर्यंत चढते. ज्या सखल जमिनीवर ते पाणी स्वभावतः पसरले असते, त्या जमिनीभोवती पूर्वजांनी चिखल, जांभा दगड, पेंढा व बांबू यांचे बांध घातले आणि आत भात पिकविले. अशा जमिनीचे क्षेत्र सुमारे 18 हजार हेक्टर सांगितले जाते. बांधात जागोजागी पाण्याची दारे ठेवलेली असतात. त्यांना मानस म्हणतात. मानशीची लाकडी झडप भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. यास यंत्र लागत नाही, इंधन लागत नाही. लागते ते माणसाचे लक्ष.

ते लक्ष उडाले की काय होते, हे खाजनकाठच्या शेतकऱ्यास शिकवावयास नको. झडपेच्या फटीत ओंडका अडकतो, खेकड्यांनी बांध पोखरला जातो, एखाद्या अमावास्येच्या मोठ्या भरतीला भगदाड पडते आणि एका रात्रीत खारे पाणी शेतात शिरते. कोरगुटासारखे खाऱ्या जमिनीत तग धरणारे भातही त्यापुढे टिकत नाही. मातीत मुरलेले मीठ धुऊन जाण्यास पावसाळ्याचे गोडे पाणी लागते. म्हणजे आज गेलेले पीक तर गेलेच, परंतु पुढच्या पिकाचा भरवसाही पावसावर राहतो. भगदाड वेळीच बुजविले नाही आणि भरतीचे पाणी वर्षानुवर्षे खेळत राहिले, तर तेथे खारफुटी उगवते. खारफुटीस किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचे संरक्षण असल्याने ती जमीन पुन्हा नांगराखाली आणणे अतिशय कठीण होऊन बसते. हे संरक्षण आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु दुर्लक्षाची किंमत एका हंगामापुरती राहत नाही, ती पिढीची होते, एवढे यावरून ध्यानी यावे.

कोणत्या मानशीची फळी केव्हा बदलली, बांधाचा कोणता पट्टा दुबळा आहे, कोणत्या ठिकाणची माती धरून राहते आणि कोठली पहिल्याच पावसात वाहून जाते, हे ज्ञान गावात असते. प्रश्न असा आहे की ते कोणाजवळ असते, आणि तो माणूस गेल्यावर कोठे जाते. आजच्या व्याख्यानाचा विषय कारभारातील ज्ञानाची जपणूक आणि उत्तरदायित्व हा आहे. शब्द भारदस्त आहेत खरे, परंतु त्यांचा अर्थ पाहावयास सचिवालयात जाण्याची गरज नाही. तो बांधावरही सापडतो.

गोव्यातील गावकरी संस्था फार जुनी आहे. पोर्तुगीज अमलाच्या आरंभी, 1526 साली, महसूल अधिकारी अफोंसो मेशिया याने तिसवाडीतील गावकरीच्या रूढी लेखी स्वरूपात आणविल्या. हा दस्तऐवज ‘फोराल’ म्हणून प्रसिद्ध आहे. यात मेशियाचा हेतू ज्ञानदानाचा नव्हता. नव्या राज्यकर्त्यांना सारा बिनबोभाट वसूल करावयाचा होता, आणि सारा वसूल करावयाचा तर कोणाचा हक्क काय व कोणाचे देणे काय हे कळणे भाग होते. परंतु त्या निमित्ताने पूर्वापार तोंडी चालत आलेली व्यवस्था कागदावर उतरली. गावकर एकत्र बसत, विचारविनिमय होई, आणि ठरलेली गोष्ट गावच्या कुलकर्ण्याच्या वहीत नोंदली जाई. शेते ठराविक मुदतीसाठी लिलावाने दिली जात. येणाऱ्या उत्पन्नातून सारा, देवस्थान, गावचे सेवक आणि बांध यांचा खर्च भागे आणि उरलेल्या रकमेतून गावकरांना जोण मिळे. याखेरीज खाजन कसणाऱ्यांचे बौस नावाचे संघ असत आणि बांधाची दैनंदिन राखण त्यांजकडे असे.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिचे दोष झाकणे योग्य होणार नाही. गावकरीच्या बैठकीत आवाज होता तो गावकर घराण्यांतील पुरुषांचा. चिखल वाहणारा मजूर व रोप लावणारी स्त्री यांना तेथे विचारले जात नसे. आणि बांधाविषयी सर्वांत अधिक ठाऊक असे ते बहुधा याच माणसांना. तरीही दोन गोष्टी तेथे होत्या, ज्यांचा आजच्या कारभारास विचार करावा लागेल. एक म्हणजे, निर्णय चार लोकांसमक्ष होऊन वहीत उतरत असे. दुसरी अशी की, बांध राखण्याचा खर्च जे करीत त्यांचेच उत्पन्न त्या बांधावर अवलंबून होते. हलगर्जी झाली तर तोटा दुसऱ्या कोणाचा नव्हता.

लेखन जपण्याची परंपराही गोव्यात लहान नाही. येथील अभिलेखागाराची स्थापना 1595 सालची असून इतिहासकार द्योगु द कोतु हा त्याचा पहिला अभिरक्षक होता. तेथील संग्रहात पोर्तुगीज कागदांबरोबरच मोडी आणि गोयकानडी लिपीतील गावकरीच्या जुन्या वह्याही आहेत. आता ती लिपी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. कागद सुरक्षित आहे आणि वाचक नाही, अशा अवस्थेत ज्ञान जपले गेले असे म्हणावे की नाही, याचा विचार शिक्षकवर्गाने अवश्य करावा.

मुक्तीनंतर चित्र पालटले. 1964 च्या कूळ कायद्याने आणि पुढे 1976 मध्ये त्यात झालेल्या दुरुस्तीने कसणाऱ्यास जमिनीचा हक्क मिळाला. हा न्याय होता आणि तो फार पूर्वी व्हावयास हवा होता. परंतु जमिनीच्या उत्पन्नावर चालणारी गावकरी संस्था यामुळे क्षीण झाली आणि बांधाचे काय, हा प्रश्न उभा राहिला. 1975 च्या नियमांनी बांधाची संयुक्त जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. मामलेदारांची देखरेख ठरविण्यात आली. मोठ्या दुरुस्तीसाठी कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाचे साहाय्य मिळू लागले. कागदावर साखळी पूर्ण झाली. परंतु जुन्या वह्या गावकरीच्या कपाटात राहिल्या, अनुभवी माणसे वृद्ध झाली, तरुण मंडळी नोकरीसाठी बाहेर पडली, आणि नव्या संघाच्या हाती जबाबदारी आली ती पुष्कळ ठिकाणी माहितीवाचून.

शिवाय मानशीवर हितसंबंधांची टक्कर होते, ती वेगळीच. मानशीतून मासळी पकडण्याचा हक्क लिलावाने दिला जातो. लिलाव घेणाऱ्यास खारे पाणी आत आलेले हवे असते, कारण त्याबरोबर मासळी व कोळंबी येते. भात पिकविणाऱ्यास ते बाहेर हवे असते. झडप नेमकी केव्हा व किती उघडावी याचा नियम सर्वांना ठाऊक असेल आणि ती प्रत्यक्षात केव्हा उघडली याची नोंद असेल, तर तंटा चार माणसांत बसून मिटतो. नोंद नसेल तर ‘झडप रात्री कोणी उघडली’ या एका प्रश्नावर वर्षे जातात, आणि वर्षे जात असता शेत पडीक पडते.

आता सरकारी बाजू पाहू. एखाद्या गावी बांध फुटला, अर्ज आला, पाहणी झाली, अंदाजपत्रक तयार झाले, निविदा निघाली, काम झाले, मोजमाप पुस्तकात नोंद झाली, देयक चुकते झाले आणि फाईल बंद झाली. चार वर्षांनी त्याच ठिकाणी बांध पुन्हा फुटला. नवा अर्ज, नवी फाईल. तोवर अभियंता बदललेला असतो, मामलेदार बदललेले असतात. पहिली फाईल काढून पाहिली, तर किती घनमीटर माती टाकली आणि किती रुपये खर्च झाले याचा हिशेब त्यात अचूक सापडेल; बांध तेथेच का फुटला, हे एका ओळीतही सापडणार नाही. ते कोणी विचारले नव्हते आणि लिहिण्यास रकानाही नव्हता. पाहणीच्या दिवशी बांधावर उभ्या असलेल्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याने कारण सांगितलेही असेल. पण ते बोलणे वाऱ्यावर गेले. खर्चाचा हिशेब मिळाला म्हणजे उत्तरदायित्व पार पडले, ही समजूत कार्यालयांत इतकी रुजली आहे की तिच्यातील उणीव कोणास बोचतही नाही.

हिशेबही लोकांस मिळत नव्हता असा काळ फार मागे गेलेला नाही. राजस्थानात राजसमंद जिल्ह्यातील देवडुंगरी येथून काम करणाऱ्या मजदूर किसान शक्ती संघटनेने 1990 पासून ग्रामीण मजुरांच्या मजुरीचा प्रश्न हाती घेतला. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह हे तिचे अग्रणी. दुष्काळी कामांवर मजुरांना ठरलेली मजुरी मिळत नसे, आणि विचारणा केली तर उत्तर मिळे की कागदोपत्री काम कमी भरले आहे. तो कागद दाखवा म्हटले, तर तो गोपनीय. 2 डिसेंबर 1994 रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराणा येथे या संघटनेची पहिली जनसुनावणी झाली. हजेरीपट व बिले गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचून दाखविण्यात आली. अशा सुनावण्यांतून काय बाहेर आले हे आता सर्वविश्रुत आहे: हजेरीपटावर मृतांची नावे होती, गाव सोडून गेलेल्यांची नावे होती, आणि जी बांधकामे पुरी झाल्याचे दाखविले होते ती जागेवर अपुरी होती. 1996 साली ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे चालले. मागणी पैशांची नव्हती, कागदांच्या प्रतींची होती.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. लेखापरीक्षकानेही तोच हजेरीपट पाहिला असेल. बेरजा बरोबर होत्या, सह्या होत्या. त्याला खोट दिसण्याचे कारण नव्हते. ती दिसली गावातल्या मजूर स्त्रीला, कारण यादीतले नाव ज्याचे होते तो माणूस कधीच वारला आहे, हे तिला ठाऊक होते. सरकारजवळ कागद होता, गावाजवळ सत्य होते; दोन्ही एका मांडवाखाली आल्याबरोबर प्रश्न सुटू लागला. पुढे 2005 च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेकडून सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूद केली आणि मेघालय राज्याने 2017 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, त्याचे बीज या सुनावण्यांत आहे.

माहितीच्या हक्काचा कायदा करण्यात गोवा मागे नव्हता, हे येथे अभिमानाने नमूद करावयास हरकत नाही. तामिळनाडूपाठोपाठ 1997 सालीच गोव्याने असा कायदा केला. केंद्रीय कायदा त्यानंतर आठ वर्षांनी आला आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णपणे अमलात आला. अर्जासोबत दहा रुपये शुल्क, कारण सांगण्याची सक्ती नाही, तीस दिवसांत उत्तर, विलंबास माहिती अधिकाऱ्यास दररोज 250 रुपये व कमाल 25 हजार रुपये दंड, एवढे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ज्याकडे लक्ष गेले नाही असा भाग निराळा आहे. कलम 2 मध्ये माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या दिली आहे, तीत कागदाची प्रत मागण्याबरोबरच चालू कामाची पाहणी करणे व साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे यांचाही समावेश आहे. म्हणजे बांधावर टाकलेली माती कोणती, हे शेतकरी हातात घेऊन पाहू शकतो. कलम 4 नुसार तर प्रत्येक कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवावयाचे आहेत, ठराविक माहिती कोणी न मागता आपण होऊन प्रसिद्ध करावयाची आहे, आणि आपल्या निर्णयांची कारणे त्यांचा परिणाम ज्यांच्यावर होतो त्यांना कळवावयाची आहेत. हे कलम मनापासून पाळले गेले असते तर अर्जांचा निम्मा ढीग साचलाच नसता. अर्जांच्या संख्येविषयी कार्यालयांतून तक्रारीचा सूर निघतो. त्यातील काही अर्ज त्रास देण्याच्या हेतूनेही येत असतील. परंतु कपाटातील कागद शोधण्यास पंधरा दिवस लागत असतील, तर त्याचा दोष अर्जदाराचा नव्हे.

कागद शोधण्याच्या या कामाचा धडा महाराष्ट्रात गिरविला गेला आहे. 1980 नंतरच्या वर्षांत त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची घडी बसविली. ती ‘लखिना पॅटर्न’ या नावाने ओळखली गेली. टेबलावरील कागदांचे सहा गठ्ठे, आणि अभिलेखांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी. अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षांचा, क दहा वर्षांचा, त्यातील उपवर्ग पाच वर्षांचा, आणि ड वर्गाचे कागद वर्षभराने नष्ट करावयाचे. यात नवल काही नाही, असे कोणी म्हणेल. नवल हे की ते प्रत्यक्षात केले गेले, आणि कर्मचाऱ्यांना विश्वासात घेऊन केले गेले. कोणता कागद कोठे अडतो हे कारकुनाला आणि शिपायाला ठाऊक असते. वरिष्ठांस ते ठाऊक नसते, आणि सहसा विचारलेही जात नाही.

अलीकडे सेवा ठराविक मुदतीत देण्याचे कायदे झाले आहेत. मध्य प्रदेशाने 2010 मध्ये देशातील पहिला असा कायदा केला, तेव्हा इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांना दाखल्यांसाठी त्याचा अनुभव आहेच; बेळगावकडील लोकांना कर्नाटकाच्या ‘सकाल’ योजनेचा परिचय आहे; गोव्याचा कायदा 2013 चा आहे. दाखला अमुक दिवसांत मिळाला की नाही, हे मोजता येते. बांध का फुटला, हे दिवसांत मोजता येत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर एका टेबलावर नसते, तर थोडे मामलेदाराकडे, थोडे मृदसंधारण विभागात, थोडे कुळांच्या संघात आणि पुष्कळसे बांधावर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांत विखुरलेले असते, त्यासाठी मुदतीचा कायदा पुरा पडत नाही. तेथे सर्वांना एकत्र बसवावेच लागते.

अधिकाऱ्यांना अशा बैठकीची धास्ती वाटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ग्रामसभेत आरडाओरडा होतो, राजकारण होते, अर्धवट माहितीवर आरोप होतात. चूक कबूल केली तर ती सेवापुस्तकात जाऊन बसेल, ही भीती तर प्रामाणिक माणसालाही असते. ‘दुरुस्तीच्या वेळी माती चुकीची निवडली गेली’ असे लिहिणारा कनिष्ठ अभियंता जर त्या एका वाक्यासाठी चौकशीत सापडत असेल, तर त्यापुढे कोणीही असे वाक्य लिहिणार नाही, आणि तीच माती पुन्हा टाकली जाईल. लबाडी आणि चूक यांना वेगवेगळे वागविल्यावाचून कार्यालयात खरे लेखन होणे नाही. मेलेल्या माणसाचे नाव हजेरीपटावर घालणे ही लबाडी. ओहोटीचा अंदाज चुकणे ही चूक. पहिलीस शिक्षा हवी, दुसरीची नोंद हवी.

खाजनाच्या गावी हे कसे करता येईल, याचा विचार अगदी साध्या पातळीवर केला तरी चालेल. प्रत्येक कुळसंघाने एक बांधाची वही ठेवावी. तीत बांधाचा कच्चा नकाशा असावा, मानशींना क्रमांक असावेत, आणि प्रत्येक दुरुस्तीपुढे तारीख, खर्च, साहित्य व माणसे यांबरोबर ‘कारण’ हा एक रकाना असावा. कारणाविषयी दोन मते असतील तर दोन्ही लिहावीत. वही म्हणजे न्यायालय नव्हे. झडप उघडणाऱ्याने उघडल्याची वेळ लिहावी. वहीची एक प्रत पंचायत कार्यालयात कोणासही पाहता येईल अशी ठेवावी आणि खात्याचा अभियंता पाहणीस आला की त्याने आधी ती वाचावी, मग बांधावर जावे. देयक चुकते होण्यापूर्वी कामाचे मोजमाप ग्रामसभेत वाचून दाखविले, तर खात्याचे काहीच बिघडणार नाही. उलट खात्याच्या माणसावर येणारा पुष्कळसा संशय तेथेच फिटेल.

शिक्षकांचा वाटा येथे मोठा आहे. गावातील वयोवृद्ध शेतकरी व शेतकरीण यांच्याकडून मुलांनी बांधाची, मानशीची आणि कोरगुटाची माहिती विचारून लिहून आणावी. चिखलाचे, भरतीचे, दाराच्या भागांचे जे स्थानिक शब्द आहेत ते जसेच्या तसे लिहावेत, त्यांचे पुस्तकी भाषांतर करू नये. वर्षभरात एका शाळेतून जेवढे गोळा होईल तेवढे आज कोणत्याही फाईलीत नाही. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजन जमिनींसाठी व्यवस्थापन आराखडा करण्याचे सांगितले आहे. आराखडा करणाऱ्या तज्ज्ञाला उपग्रहाचे चित्र मिळेल, भरतीचे तक्ते मिळतील; चौथ्या मानशीच्या उजव्या अंगाला जुना झरा आहे व तेथे माती कधीच बसत नाही, हे मात्र त्याला कोणी तरी सांगावे लागेल.

जून लागण्यापूर्वीचे दिवस या कामास सोयीचे. बांध कोरडा असतो, भेगा उघड्या दिसतात, झडपा काढून तपासता येतात आणि शेतकऱ्याला बसून बोलण्यास वेळ असतो. वहीचे पहिले पान त्याच दिवसांत लिहिले जावे. पहिली नोंद कोणत्या मानशीची करावयाची, हे बांधावर गेल्यावर गावच सांगेल.